धुराची पातळी

पौषात सकाळी सातला मी लाँच सोडतो
तेव्हा धूर पाण्यावर आडवा झोपलेला असतो.
मारुतीच्या कळसापर्यंत चढतो,
तिथं कुणी अडवल्यासारखा थबकतो
आणि वळून खाली येतो,
विसरलेलं काहीतरी न्यायला.

पलीकडचा काठ दिसत नाही.
हॉर्न वाजवत जातो.
जाळी ओढणारे पत्र्याचा डबा बडवतात,
त्या आवाजाच्या अंदाजानं सुकाणू वळवतो.

दिवाळीनंतर कराडहून दोन पोरं आली,
शाळेच्या भिंतीवर एक पांढरी डबी ठोकून गेली.
तिला बारका दिवा. हिरवा, पिवळा, लाल.
आकडा फळ्यावर लिहायचा, रोज, प्रार्थना झाली की.
ते काम चौथीतल्या तेजल संकपाळकडं.
पटावर सातजण, त्यात हीच उंच.

पोरं म्हणाली, थंडीत गार हवा खोऱ्यात बसते,
वर ऊबदार हवेचं झाकण पडतं.
दगडूअण्णा म्हणाला, म्हंजे पातेल्यावर ताट.
त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

पातळी आम्हाला नवी नाही.
धरण भरताना कुठली पायरी कधी बुडते,
कुठल्या महिन्यात जुन्या गावचा पार वर येतो,
कुणाच्या आज्याचं जोतं उघडं पडतं,
तारखेनिशी सांगू.
धुराची कधी कुणी विचारली नव्हती.

पौष : एकशे ऐंशी, दोनशे दहा.
न्हाणीतले बंब, अंगणातल्या शेकोट्या,
आणि काठावर तंबूंतले पाहुणे,
ओली लाकडं पेटवून रात्री दोनपर्यंत नाचतात,
सकाळी धुराचे फोटो काढतात, धुकं म्हणून.
मी सांगत नाही. भाडं त्यांचंच.

फाल्गुनात राब भाजले, सड्यावर वणवा लागला.
फॉरेस्टचा गार्ड आला, कुणी लावला विचारत.
सगळ्यांनी वाऱ्याकडं बोट दाखवलं.
अकरा दिवस लाल.
तेजलचा लाल खडू संपला,
नवी पेटी बामणोलीहून माझ्याच लाँचमधून आली.

मग आषाढ लागला
आणि दिवा हिरवा झाला तो झालाच.
नऊ. सहा. चार.
तेजल चाराच्या भोवती फुलं काढायची.
कराडहून फोन आला,
अशी हवा आम्ही अजून कुठं मोजली नाही.
गुरुजींनी पेढे आणले. एक मीही खाल्ला.

त्याच आठवड्यात सगुणा शेलारला मी उपकेंद्रात नेली.
लाँचच्या फळीवर आडवी, वर ताडपत्री,
श्वास इंजिनाच्या वर ऐकू येणारा.
दोन महिने तिचं दार लोटलेलं. खिडकीला प्लॅस्टिक.
गुरं आत, माणसं आत,
भिजली लाकडं फुंकून फुंकून पेटवलेली,
धूरही आतच.
सिलिंडर आहे. रिकामा. त्यावर कळशी ठेवतात.

नर्सबाईनं तोंडाला मास्क लावला, विचारलं, कधीपासून?
मास्कातून ती म्हणाली,
"पाऊस लागल्यापासनं. दरसालचंच हाय."

बाहेर हवा चार होती.

परतताना लाँच रिकामी.
मध्यावर आल्यावर मला सुचलं,
डबी भिंतीच्या बाहेरच्या अंगाला आहे.

तेजलला सांगितलं. ती काही बोलली नाही.
दुसऱ्या दिवशी स्टुलावर चढून डबी काढली,
गुरुजींना न विचारता,
छत्रीखाली धरून शेलारांकडं नेली
आणि चुलीपासून चार हातांवर खुंटीला टांगली.
सगुणाची सून भाकरी थापत होती. तिनं फक्त वर पाहिलं.

पिवळा झाला, लाल झाला,
मग आकडाच दिसेना,
नुसत्या तीन आडव्या रेघा.

तेजलनं फळ्यावर तेच काढलं.
कराडची पोरं म्हणाली, यंत्र बिघडलं असेल, बदलून देतो.
गुरुजी फोन धरून बराच वेळ गप्प उभे.

त्या दिवशी पाऊस तासभर थांबला होता.
पलीकडचा काठ लख्ख, झाडन् झाड मोजावं असा.
मी तरी हॉर्न वाजवत गेलो.